अठ्ठ्याण्णवचा जबडा

तो एकटा होता म्हणून मी त्याला मारलं. दुसरं कारण विचारू नका. मार्चमध्ये तीन माणसांनी टेबलापलीकडून हेच विचारलं, त्यांनाही मी हेच सांगितलं.

ऑक्टोबर संपत आला होता. सकाळचे साडेसात. वरच्या कुरणाच्या कडेला, पिवळ्या पडलेल्या लार्च झाडांखाली तो उभा होता. लाल हरणाचा मोठा नर, शिंगं दणकट, पाठ खचलेली, बरगड्यांवर कातडं सैल. ना ओरडत होता, ना चरत होता. नुसता उभा.

जिल्ह्याच्या कचेरीतून दर एप्रिलला आम्हाला कागद येतो: या वर्षी इतक्या माद्या, इतकी पाडसं, इतके नर. नरांचे तीन वर्ग. पोरसवदा थोडे मारायचे, म्हातारे मारायचे आणि मधल्यांच्या केसालाही धक्का लावायचा नाही, कारण पुढची पिढी त्यांच्यावर. म्हातारा म्हणजे दहा वर्षांच्या वरचा. आता तीनशे पावलांवरून जिवंत नराचं वय ओळखायचं कसं? जन्माचा दाखला काय गळ्यात बांधून फिरतो तो? मग खुणा बघायच्या. मान जाड, डोकं खाली, पोट लोंबतं. आणि माझ्या नवऱ्यानं, क्विरिननं, मला शिकवलेली सगळ्यात पक्की खूण: म्हातारा नर कळपात राहत नाही. एकटा दिसला की समज, वय झालंय.

त्या वर्षीच्या कागदावर एक म्हातारा नर उरला होता. आमच्या रानातल्या शिकारीचा ठेका वेस्टरकाम्पसाहेबांकडे आहे. जर्मनीतले कारखानदार, वर्षातून चार वेळा येतात आणि दर वेळी नव्या टोपीत. नर मारायचा मान त्यांचा. पण त्यांचा गुडघा धरला होता. फोनवर म्हणाले, "फाल्कनरबाई, यंदा तुम्हीच उरका. कागद पुरा झाला पाहिजे." म्हणून मी उरकलं. एकच गोळी. चार पावलं चालला आणि पडला.

मी जवळ गेले, टोपी काढली, देवदाराची एक डहाळी मोडली. मारलेल्या जनावराच्या तोंडात आम्ही शेवटचा घास ठेवतो. कुणी बघत असो वा नसो, ठेवतोच. मी गुडघ्यावर बसले, त्याचे ओठ बाजूला केले, डहाळी आत सरकवायला जबडा उघडला आणि माझा हात तिथंच थांबला.

दाढा धारदार होत्या. म्हाताऱ्या नराच्या दाढा झिजून सपाट होतात, जुन्या पायरीसारख्या. याच्या दाढांना टोकं होती. मी बोट फिरवलं. परत फिरवलं. सहा वर्षं. फार तर फार सात.

"अरे, मग तू एकटा का होतास?" मी त्याला म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. डहाळी तोंडात ठेवली आणि तिथंच ओल्या गवतात बसून राहिले.

उत्तर मला माहीत होतं. फक्त गोळी झाडायच्या आधी ते आठवलं नव्हतं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात दोन हिवाळे हरणं मारायचं काम चाललं होतं. तिथली हरणं कोवळ्या झाडांचे शेंडे खातात, सालं सोलतात, आणि त्या खोऱ्यात गावाच्या डोक्यावर तेवढंच जंगल आहे. ते गेलं की बर्फाचा कडा थेट गावावर. म्हणून शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानं ठरवलं, कचेरीनं शिक्का मारला: हिवाळ्यात हरणांना चारा घालायचं बंद, आणि कळप संपवायचा. चाळीस जनावरं होती. मी काही त्याला चूक म्हणत नाही. माझं घर तिथं असतं तर मीही सही केली असती. पण चाळीस म्हणता म्हणता एक निसटला होता, डोंगर ओलांडून आमच्याकडे आला होता. भुकेनं पाठ खचली होती आणि कळप नव्हता म्हणून तो एकटा होता. आणि मी शहाणी! मला वाटलं म्हातारा आहे.

आता यात माझं काय जाणार होतं ते सांगते.

दरवर्षी मार्चमध्ये आमच्याकडे शिंगांची हजेरी असते. खोऱ्यात मारलेल्या प्रत्येक नराची शिंगं आणि त्याचा खालचा अर्धा जबडा चिठ्ठी लावून खानावळीच्या मोठ्या दालनात आणायचा. मंडळाचे तिघं जण दाढा बघतात, वय ठरवतात आणि शिंगांखालच्या पाटीवर ठिपका चिकटवतात. बरोबर मारला असेल तर हिरवा. मधल्या वर्गातला मारला असेल तर लाल. मग दोन दिवस सगळं खोरं बिअर पीत पीत बघतं, कुणाच्या पाटीवर कुठला रंग.

क्विरिन एकतीस वर्षं या रानाचा राखणदार होता. एकतीस वर्षांत एकही लाल ठिपका नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला, सरपण फोडता फोडता, कुऱ्हाड अजून ओंडक्यात तशीच. परवाना माझ्याकडेही होता, वीस वर्षं त्याच्याबरोबर रान तुडवलं होतं. मी वेस्टरकाम्पसाहेबांना म्हटलं, ही जागा मला द्या. साहेबांनी मला असं न्याहाळलं, जणू बाजारात आणलेली गाय असावी मी. "बाईमाणूस, त्यात एकटी... बरं, बघू. पण एक लाल ठिपका पडला की मी दुसरा माणूस आणणार, फाल्कनरबाई. त्यात बदल नाही."

जागा गेली तर बंदूक जाईल, त्याचं मला काही नाही. घर माझं स्वतःचं आहे. पण जागेबरोबर हिवाळ्याचा चारा जातो.

डिसेंबर ते एप्रिल, रोज दुपारी दोनला मी घरामागच्या उताराच्या वर जाते. गवत, बीट, सफरचंदाचा चोथा. आमच्या खोऱ्यात चाऱ्याला अजून परवानगी आहे, जंगल शाबूत आहे म्हणून. सत्तावीस हरणं येतात. क्विरिन गेला त्या पहिल्या हिवाळ्यात ती आलीच नाहीत. दोन दिवस झाडांत उभी राहून माझ्याकडे टकामका बघत होती. माझा वास नवा, माझी चाल नवी. तिसऱ्या दिवशी मी क्विरिनचा जाड लोकरी कोट घातला, त्याच्यासारखी बादली वाजवली आणि त्याच्यासारखी हाक मारली: हो-होप, हो-होप. एकेक करून सगळी आली. त्यांच्या लेखी क्विरिन अजून जिवंत आहे. दुपारी दोन ते तीन, निदान तेवढा वेळ, माझ्याही लेखी होता. त्यांच्याशी मी बोलते. पाव कसा करपला, पोस्टमन काय म्हणाला, सगळं. बाकी दिवसभर माझ्या घरात फक्त रेडिओ बोलतो, आणि त्याला काही उत्तर देता येत नाही. दिलं तर ऐकत नाही मेला.

तर हे जाणार होतं.

मारल्याच्या दुसऱ्या दिवशी अँब्रोस आला. अँब्रोस मंडळाचा प्रमुख, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, क्विरिनचा जिवलग. आमच्याकडे डोंगरात सगळेच अरे-तुरे, त्यामुळे मीही त्याला अरे अँब्रोसच म्हणते. तो दर वेळी मारलेल्या जनावराच्या काळजाचा तुकडा मागायला येतो आणि कॉफी पिऊन जातो.

"बुर्गल, नर पडला म्हणे."

"पडला."

"वय?"

"म्हातारा," मी म्हणाले. चुलीकडे तोंड करून म्हणाले. नोंदीतही मी तेच लिहिलं होतं, आदल्या दुपारी.

अँब्रोस पडवीत टांगलेली शिंगं बघून आला. बराच वेळ लागला त्याला. परत येऊन बसला, कॉफीत तीन खडे साखर टाकली. "जबडा?"

"उकळायला ठेवलाय."

"हं." चमचा फिरवत राहिला. "क्विरिनच्या शेडमध्ये जबडे पुष्कळ असतील, नाही का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे काय म्हणायचंय तुला? मला चोरी शिकवायला आलास या वयात?"

"मी कॉफी प्यायला आलोय."

"मग पी आणि नीघ! एकतीस वर्षं त्याला डाग लागला नाही आणि तू त्याच्याच शेडमध्ये..."

"अगं, निघतो, निघतो," तो उठत म्हणाला. "तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच." दारात थांबला, काहीतरी बोलणार होता, पण टोपी घालून गेला.

हिवाळा कसा गेला विचारू नका. कुणाला काही बोलले नाही. बोलणार कुणाला? सत्तावीस जणांना सांगितलं होतं, त्यांनी कान हलवले. नाताळात वेस्टरकाम्पसाहेब आले, माझ्या पडवीत त्या शिंगांबरोबर फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "शाब्बास, फाल्कनरबाई! काय म्हातारा पाडलात!" मी त्यांच्यासाठी डुकराचं खारं मांस कापत होते. बोटच कापून घेतलं.

हजेरीच्या आदल्या दिवशी, चारा घालून आले आणि तशीच कोटासकट शेडमध्ये गेले. हो, गेले. अँब्रोसवर ओरडले होते तरी गेले. चार महिने ती शेड माझ्या डोक्यात घर करून बसली होती.

क्विरिनचे खोके फळीवर ओळीनं होते. पत्र्याचे बिस्किटांचे डबे, प्रत्येकावर साल. जबड्याचे दोन भाग असतात. मंडळाला एकच दाखवायचा. ते त्याला भोक पाडून परत देतात, म्हणजे तो पुन्हा कुणी आणू नये. दुसरा घरीच राहतो, बिनभोकाचा. प्रत्येक डब्यात दोन भाग: एक भोकाचा, एक बिनभोकाचा. म्हाताऱ्या नराचा बिनभोकाचा भाग माझ्या चिठ्ठीला बांधायचा, की झालं. मंडळाला काय कळणार?

मला एक्क्याण्णव सालचा हवा होता. तेरा वर्षांचा नर होता तो, मला चांगला आठवत होता, हाडापेरानं माझ्या नराएवढाच. डबा उघडला. आत एकच भाग. भोकाचा.

मी फळी शोधली, फळीच्या मागं शोधलं. क्विरिनसारखा नीटनेटका माणूस, खिळेसुद्धा लांबीप्रमाणे लावून ठेवणारा, त्याच्याकडून अर्धा जबडा हरवतो? मग एकामागून एक डबे उघडत गेले. सगळे बरोबर. अठ्ठ्याण्णवचा उघडला.

त्यात दोन भाग होते. भोकाचा सपाट दाढांचा. बिनभोकाचा धारदार.

मी दोन्ही शेजारी धरले. एकाच तोंडातले असूच शकत नव्हते. एक तेरा वर्षांचा, एक पाच वर्षांचा. एक्क्याण्णवचा हरवलेला भाग इथं होता, त्याला मंडळानं भोक पाडलं होतं. आणि अठ्ठ्याण्णव साली क्विरिननं खरोखर मारला तो हा, कोवळ्या दाढांचा; याच्या जोडीचा भाग त्यानं कुठं टाकला देव जाणे. खाली कापसात एक सुकून तांबडी झालेली देवदाराची डहाळी होती.

मी उलट्या बादलीवर बसले आणि रडले.

कारण अठ्ठ्याण्णवचा नर म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली शिंगं. सगळ्या खोऱ्यात नावाजलेली. त्या हजेरीला लोकांनी टेबलं बडवली होती, क्विरिनला खांद्यावर घेतलं होतं. घरी आला तर तोंड एवढंसं. जेवला नाही. मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं: "लोक टाळ्या पिटतायत आणि तुझं तोंड का वाकडं? मान पचत नाही तुला, डोंबलाचा मान!" तो उठला. गोठ्यात जाऊन झोपला. मला वाटलं जास्त प्याला असेल. सकाळी शिंगं मीच भिंतीवर ठोकली, बाकाच्या वर. आणि तेव्हापासून क्विरिन कायम त्याच बाकावर बसायचा, त्या शिंगांच्या खाली. मला वाटायचं, बघा, कसा ऐटीत बसतो आपल्या नराखाली. आता कळलं. तिथं बसलं की ती दिसत नाहीत. वीस वर्षं तो त्यांच्याकडे पाठ करून जेवला. आणि समोर मी होते. समोर मी बसलेली असताना त्याला सांगता आलं नाही.

दोन हजार चारच्या डब्यात एक बिनभोकाचा भाग होता, बारा वर्षांचा, चपखल. मी तो उचललाही. तारेनं माझ्या चिठ्ठीला बांधलाही, हे खोटं कशाला सांगू? घरात गेले, सूप गरम केलं, माझ्या जागेवर बसले. समोर रिकामा बाक आणि वर शिंगं. क्विरिनला निदान शिंगांकडे पाठ करून माझ्याकडे बघता येत होतं. मी कुणाकडे बघू? सूप तसंच ठेवलं, तार सोडली आणि माझ्या नराचा खरा जबडा चिठ्ठीला बांधला. धारदार, पांढरा, कोवळा. अठ्ठ्याण्णवचा तो कोवळा भाग मात्र कोटाच्या खिशात टाकला. का, ते मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दालन गच्च भरलेलं. भिंतभर शिंगं, तळलेल्या पिठाचा वास, खोऱ्यातला एकूण एक माणूस. मंडळाचे तिघं टेबलाशी: अँब्रोस मध्ये, एका बाजूला कचेरीचा माणूस, दुसऱ्या बाजूला वनखात्याचा. माझी पाळी आली. अँब्रोसनं जबडा हातात घेतला. दाढांवर अंगठा फिरवला, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं राग आहे.

"सहा," तो म्हणाला. हळू म्हणाला.

"नोंदीत तर म्हातारा लिहिलंय," कचेरीचा माणूस म्हणाला.

"ते चूक लिहिलंय. मी लिहिलंय."

"का मारलात?"

"एकटा होता."

मागं कुणीतरी खी करून हसलं. मग बरेच हसले. कचेरीचा माणूसही हसू दाबत म्हणाला, "बाई, एकटा असणं हे काही वय नव्हे."

"मला आता कळलंय ते," मी म्हणाले. "तुम्हाला कळलंय का? पलीकडच्या खोऱ्यातला तो शेवटचा होता. त्याचा बाकीचा कळप तुम्ही तिघांनी सही करून मारला. बरोबर केलंत, मी काही म्हणत नाही, जंगल राहिलं पाहिजे. पण मग पुढच्या कागदावर तेवढं लिहा. जिथं कळप संपवलाय, तिथून आलेला जो दिसेल तो एकटाच दिसणार, त्याला म्हातारा समजू नका. ही माझी चूक आहे. ठिपका लावा."

हसणं थांबलं. वनखात्याचा माणूस खाली बघून काहीतरी लिहायला लागला. अँब्रोसनं कागदावरचा लाल ठिपका सोलला आणि माझ्या पाटीवर दाबून बसवला.

वेस्टरकाम्पसाहेब दाराशी उभे होते, नव्या टोपीत. "फाल्कनरबाई," ते म्हणाले, "वाईट वाटतं मला. खरंच. पण बोललो होतो मी."

"बोलला होतात."

"पंधरा तारखेपासून दुसरा माणूस येईल. या खोऱ्यातलाच आहे, रोमेड. चांगला आहे."

"चांगलाच असेल," मी म्हणाले आणि बाहेर आले. माझी जीभ तेव्हा तरी सरळ राहिली.

खानावळीच्या मागं उन्हात बाक आहे. थोड्या वेळानं अँब्रोस आला, कण्हत शेजारी बसला. मी खिशातून अर्धा जबडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं अंगठासुद्धा फिरवला नाही, बघताक्षणी ओळखला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"भोक मीच पाडलं ना त्या दुसऱ्याला. एक्क्याण्णवचा मीच तपासला होता, त्याच्याच जोडीचा भाग अठ्ठ्याण्णवला माझ्यासमोर आला. मला नाही का ओळखणार?"

"आणि गप्प बसलास."

"त्याचा चेहरा बघितला असतास तर तूही बसली असतीस." त्यानं जबडा मांडीवर उलटा केला. "नाही. तू नसती बसलीस."

"मला का नाही सांगितलं त्यानं? वीस वर्षं, अँब्रोस! एका ताटाशी बसत होतो आम्ही. मी काय परकी होते?"

अँब्रोसनं जबडा माझ्या हातात परत दिला. "तो म्हणायचा, बुर्गलला कळलं तर ती हाताला धरून टेबलापाशी नेईल. म्हणायचा, तिच्यापुढे मला लहान व्हायचं नाही. दर हजेरीला म्हणायचा, यंदा सांगतो. मग घरी जायचा, आणि तू काहीतरी बोललेली असायचीस."

खरंच नेलं असतं मी त्याला हाताला धरून. रागावून नेलं असतं, रस्ताभर बडबडत. पण त्या टेबलापाशी त्याच्या शेजारी उभीही राहिले असते. हे त्याला कसं कळलं नाही? की मी कधी कळू दिलं नाही?

"अँब्रोस," मी म्हणाले, "तुझ्याकडे ते ठिपके उरलेत का?"

त्यानं खिशातून कागद काढला, एक लाल सोलून माझ्या बोटावर चिकटवला. काही विचारलं नाही.

घरी येऊन स्टुलावर चढले आणि बाकावरच्या शिंगांखाली, पाटीवर, जिथं पंचवीस वर्षं हिरवा होता तिथं, त्याच्यावर लाल लावला. शेजारी माझी शिंगं ठोकली, त्यांच्या लाल ठिपक्यासकट. "घे," मी म्हणाले. "आता दोघांना एकेक झाला. सांगायचं होतंस रे. ओरडले असते, तासभर ओरडले असते, मग सूप वाढलं असतं." त्या दिवशी पहिल्यांदा मी क्विरिनच्या जागेवर बसून जेवले.

पंधरा तारखेला रोमेड गेला वर, चारा घेऊन. तिशीतला, दोन पोरांचा बाप, आवाज मऊ. खिडकीतून मला उतार दिसतो. हरणं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. तिसऱ्या दिवशी ती कडेच्या कोवळ्या झाडांची सालं सोलायला लागली. चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली.

"बुर्गल, माझ्याजवळ येतच नाहीत गं," रोमेड टोपी हातात घेऊन म्हणाला. "असंच चाललं तर झाडं खातील, मग कचेरी आपलाही चारा बंद करेल. मग पुढचं तुला माहीतच आहे. अँब्रोस म्हणाला तुला विचार. म्हणाला, तिला माहितीये काय करायचं."

माहीत होतं. न सांगण्याइतकी मी वाईट नाही, पण क्षणभर वाटलं, नाही सांगायचं. राहू देत माझ्याच हाकेची.

मग खुंटीवरून कोट काढला. खिसे रिकामे केले: दोरीचा तुकडा, चोथ्याचा भुसा, तो अर्धा जबडा. कोट त्याला घातला, बाह्या थोड्या लांब झाल्या, त्या दुमडून दिल्या. "बादली डाव्या हातात धर, कडी तीनदा आपट. आणि हाक घशातून नाही, पोटातून. म्हण बघू: हो-होप."

"हो-होप."

"पोरं झोपवतोयस का? परत."

चार-पाच वेळा म्हणवून घेतलं. मग तो गेला.

मी खिडकी उघडली. बर्फ वितळायला लागलं होतं, छतावरून पाणी ठिबकत होतं. बादली वाजली. हाक आली, बऱ्यापैकी क्विरिनसारखी. आधी म्हातारी मादी बाहेर आली, मग तिच्या मागून बाकीची. क्विरिन गेला ते त्यांना कळलं नव्हतं, मी गेले तेही कळलं नाही. मी मोजत राहिले. सत्तावीसच्या सत्तावीस आली.

मग खिडकी लावली. तीन वाजले होते आणि आज पाव करपला होता, पण ते सांगायला कुणी नव्हतं.